बोटीचं भाडं नंतर विचारा, गळ किती तास पाण्यात राहणार ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही कोल्हापूरचे सहा जण. पंचगंगेवर आणि गावाकडच्या तळ्यांवर गळ टाकून हात बसलाय. आता जानेवारीत मालवणला जाऊन पूर्ण बोट ठरवायची आणि समुद्रात आत जाऊन सुरमई धरायची, असं ठरलंय. चौकशी केली तर एक जण सहा तासांचे १२,००० सांगतो, दुसरा आठ तासांचे ३०,०००. दोघंही 'डीप सी फिशिंग'च म्हणतात. एवढा फरक कसा? लुटतोय कोण?"

या दोन आकड्यांवरून कोणी लुटतोय असं म्हणता येत नाही. दोघं वेगवेगळा माल विकताहेत, पाटी तेवढी एकच लावलीय. अठरा वर्षं मी कोल्हापुरातनं गट घेऊन मालवण, देवगड, निवती, कधी गोवा असा जातोय. पहिली पाच-सहा वर्षं मीही फोन केला की "पूर्ण बोटीचं किती?" हेच विचारायचो. त्या प्रश्नाला आलेल्या उत्तरावरून काहीही कळत नाही, हे कळायला मला बरेच पैसे घालवावे लागले.

तुमच्याच दोन भावांवर हिशेब मांडू. १२,०००ची बोट म्हणजे बहुतेक साधी फायबरची, आतल्या डिझेल इंजिनाची, तासाला सहा-सात सागरी मैल चालणारी असणार. ३०,०००ची म्हणजे मागच्या बाजूला बाहेरनं बसवलेलं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड, लावलेली, तासाला अठरा मैलांच्या आसपास पळणारी. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बोटवाला "बारा मैल आत नेतो" म्हणाला की आपला गडी मनात रस्त्यावरचे मैल धरतो, पण ते जवळजवळ २२ किलोमीटर होतात. आपल्या राज्याची सागरी हद्दही तिथंच, १२ मैलांवर संपते. एवढं आत जायचं तर मग ते जरा गंभीर काम आहे.

आता मासा बारा मैलांवरच्या खडकावर आहे असं धरा. सहा मैलांच्या वेगानं पहिली बोट जायला दोन तास घेणार, यायला दोन तास. सहातले चार गेले. गळ पाण्यात राहणार दोन तास. १२,००० भागिले दोन, म्हणजे तासाला ६,००० रुपये. दुसरी बोट जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस मिनिटं. आठ तासांतले सहा तास चाळीस मिनिटं हातात राहतात. ३०,०००ला त्यानं भागलं की तासाला ४,५०० पडतात. महाग बोट स्वस्त निघाली.

पण थांबा. मासा तीन मैलांवर असेल तर? पहिली बोट अर्ध्या तासात पोचते, अर्ध्या तासात येते, पाच तास गरवायला, म्हणजे गळ टाकायला, मिळतात. तासाला २,४००. दुसरी दहा मिनिटांत पोचते, पण तिचा तास पडतो ३,९००च्या वर. इथं स्वस्त बोटच खरी स्वस्त. वेगाचे पैसे देऊन तो वेग वापरायचाच नसेल तर कशाला द्यायचे? म्हणून आधी कुठं जायचंय आणि कुठल्या माशाच्या मागं ते ठरतं, भाव त्याच्या मागनं येतो. आपले लोक नेमकं उलटं करतात. भावावरून बोट ठरवतात आणि समुद्रात गेल्यावर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, म्हणतात, "जरा अजून आत घ्या की." तो घेत नाही, मग भांडण.

याच हिशेबानं एक मोह आताच काढून टाका. दर वर्षी कोणीतरी मला विचारतं, आंग्रिया बँकला एका दिवसात जाऊन येता येतं का? प्रवाळांचा तो पठारासारखा उंचवटा विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेला आहे. म्हणजे ५७ सागरी मैल. अठराच्या वेगानं एका बाजूला तीन तासांच्या वर, सातच्या वेगानं आठ तास, आणि तेही पाणी अगदी सपाट असेल तर. तिथं एका दिवसात साध्या पर्यटक बोटीनं नेऊन आणतो म्हणणाऱ्याला एक तर अंतर माहीत नाही किंवा तुम्हाला ते माहीत नाही, हे त्यानं ओळखलंय.

आता इंधन, कारण खरं घोडं पेंड खातं ते तिथंच. इंजिनचा ढोबळ नियम असा, की डिझेल इंजिन प्रत्यक्ष जेवढी अश्वशक्ती वापरतं, त्या प्रत्येक अश्वशक्तीमागं तासाला पाव लिटरच्या आत डिझेल जातं. साठ अश्वशक्ती वापरात असेल तर तासाला बारा-तेरा लिटर. छोटी बोट हळू चालवली तर चार-पाच लिटरातही भागतं. पेट्रोलचं आऊटबोर्ड जास्त पितं. ११५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण मूठ पिळली की तासाला चाळीस लिटरच्या आसपास जातं, अठराच्या वेगाला वीस-बावीस. तुमच्या ३०,०००च्या बोटीचा दिवस धरा. जाण्यायेण्यात तीसेक लिटर. मग चार तास ट्रोलिंग, म्हणजे मागं लूर (गरी लावलेलं खोटं आमिष) ओढत पाच-सात मैलांच्या वेगानं फिरत राहणं, त्यात तासाला आठ धरले तर बत्तीस. उरलेल्या वेळात जागा बदलत, इंजिन चालू-बंद करत आणखी आठ-दहा. सत्तर लिटर झाले. पेट्रोल शंभरच्या वर आहे, म्हणजे सात हजारांच्या पुढं फक्त जाळलेच.

इथं एक बारीक गोष्ट आहे, तुमच्या फायद्याची. सुरमई धरायची म्हणजे बहुतेक ट्रोलिंग आलं आणि ट्रोलिंगमध्ये इंजिन थांबत नाही. खडकावर नांगर टाकून किंवा प्रवाहाबरोबर बोट सोडून तळाला गरवायचं असेल, म्हणजे तांबोशी, गोब्रा वगैरे, तर इंजिन बंद असतं. दोन्हीचा भाव एकच कसा असेल? चांगला बोटवाला विचारतोच, "ट्रोलिंग करणार की बॉटम?" न विचारता जो एकच आकडा फेकतो त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची मर्यादा पक्की असते: इतके लिटर जळले की परत. ती तुम्हाला सांगितलेली नसते. तेव्हा फोनवर सरळ विचारा, "या भाड्यात इंधन किती लिटरपर्यंत धरलंय?" आणि "टाकीत किती घेऊन निघणार?" एक तृतीयांश जाण्याला, एक तृतीयांश येण्याला आणि एक तृतीयांश राखीव, हा जगभरचा जुना नियम आहे. त्यात कंजुषी करणाऱ्याची बोट फुकट मिळाली तरी नको.

मासेमारी बोटींना डिझेलवर विक्रीकराचा परतावा मिळतो, म्हणून काही जणांना वाटतं की मच्छीमाराची बोट घेतली की स्वस्तात पडेल. तो परतावा मासेमारीसाठी आहे, तुमच्या सहलीसाठी नाही. आणि गोष्ट नुसत्या डिझेलची नाही, त्याकडे पुढं येतोच.

इंधन सोडून उरलेले पैसे कशाचे, हाही रास्त प्रश्न आहे. तांडेल आणि एक खलाशी यांची मजुरी. बर्फ, आमिष, पाणी. आणि मग खारं पाणी. शिरोलीच्या एमआयडीसीत मशीन वर्षानुवर्षं चालतं, समुद्रात तसं नसतं. आऊटबोर्डची सर्व्हिस दर शंभर तासांनी करावी लागते: गिअर ऑईल, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, गंज स्वतः खाऊन इंजिन वाचवणारे झिंकचे तुकडे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं. त्यात धंद्याचे दिवस किती? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. पर्यटक बोटी त्याच्याही आधी, मे अखेरीला बांधल्या जातात आणि ऑगस्ट संपल्याशिवाय सुटत नाहीत. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत वाऱ्याचे दिवस वजा करा, गिऱ्हाईक नसलेले सोमवार-मंगळवार वजा करा. वर्षाचा हप्ता त्याला त्या उरलेल्या दिवसांत काढायचाय. म्हणून ख्रिसमस ते नवीन वर्ष भाव चढतो. मंगळवारी-बुधवारी गेलात तर तोच माणूस तीच बोट घासाघीस न करता कमी करून देतो. तुम्ही धंदेवाले असाल, रजेची अडचण नसेल, तर शनिवार-रविवारचा हट्ट सोडा.

आता वाऱ्याचं बोलू. पैशाचा सर्वांत मोठा गळका पाईप हाच आहे आणि कोल्हापुरात बसून तो दिसत नाही. जानेवारीत पहाटे जमिनीवरनं समुद्राकडं मतलई वारा वाहतो. पाणी काचेसारखं. सहा वाजता धक्का सोडला तर दहापर्यंत असं वाटतं की आपण रंकाळ्यातच आहोत. अकरा-बाराला वारा पडतो, थोडी घुसमट होते, आणि मग वायव्येकडनं खारा वारा सुरू होतो. दोन-तीन वाजेपर्यंत लाटांना पांढरे तुरे. छोट्या बोटीत उभं राहून गळ फेकणं सोडा, नीट बसताही येत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून हा वारा आणखी जोर धरतो. म्हणजे आठ तासांचं भाडं देऊन तुम्ही दहाला निघालात, तर चांगले तास दोन आणि आपटाआपटीचे सहा. भाडं तेवढंच. पहाटे पाच-साडेपाचला निघणारा सहा तासांचा फेरा हा दहाला निघणाऱ्या आठ तासांच्या फेऱ्याहून कधीही सरस. "फुल डे" या शब्दाला भुलू नका, निघायची वेळ विचारा.

निघायची वेळ भरती-ओहोटीवरही असते. बोट खाडीत बांधलेली असेल, देवबागला कर्लीच्या खाडीत किंवा दुसरीकडं, तर मुखाशी वाळूचा उथळ भाग असतो. ओहोटीला तिथं लाटा फुटतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार जास्त. तांडेल म्हणाला "पाणी चढू दे, मग काढू", तर तो आळशी नाही. पण तो थांबलेला तास तुमच्या सहा तासांत धरणार की नाही, हे आदल्या दिवशी ठरवून घ्या. माझ्या एका गटाचे असे दीड तास धक्क्यावर वडापाव खाण्यात गेले होते आणि ते भाड्यात मोजले गेले. चूक माझीच, विचारलं नव्हतं.

माणसं किती न्यायची? कोल्हापूरकर म्हटलं की आधी भागाकार: ३०,००० भागिले सहा, ५,००० आले. मग कोणीतरी म्हणतो, "अजून दोघं घ्या की, ३,७५० होतील." बोटीला परवानगी किती माणसांची हा प्रश्न वेगळाच, पण गरवण्याच्या दृष्टीनंही हे चुकतंय. ट्रोलिंगला अशा बोटीमागं एका वेळी चार दोऱ्या नीट चालतात, जास्त सोडल्या की वळताना गुंता. लूर फेकून मारायचं असेल तर बोटीच्या दोन टोकांना दोघंच. तीन गरींचं लूर डोक्यामागनं फिरत असताना आठ जण दाटीनं उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. म्हणजे आठ जणांतले चार कायम प्रेक्षक. ते ३,७५० देऊन प्रत्येकी अर्धाच वेळ गळ धरणार. चौघं गेलात तर माणशी ७,५०० पडतील, पण पूर्ण वेळ हातात रॉड. माझं मत विचाराल तर गरवायलाच जाणारे चार, आणि नुसतं फिरायला येणाऱ्यांसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आहे. ते वाईट वाटून घेतात, पण नंतर आभार मानतात.

सहातल्या एकाला हमखास बोट लागते. बोट लागणं याला कोल्हापुरी पैलवानकीचा इलाज नाही. मी एका तालमीतल्या, शंभर किलोच्या गड्याला बोटीच्या तळाला गोणपाटासारखा पडलेला पाहिलाय, तो फक्त एवढंच म्हणत होता, "मला किनाऱ्याला सोडा, पैसे माझे." इथं पैशाचा प्रश्न खरा आहे. एकासाठी बोट वळवली तर भाडं परत मिळत नाही, आणि मिळूही नये. बोटवाल्याचा दिवस गेलेला असतो. तेव्हा घरीच ठरवा, एकाला लागलं तर वळायचं की नाही, आणि वळलो तर खर्च कोणाचा. रात्री गगनबावड्यावरनं घाट उतरून, तीन तास झोप काढून, पहाटे कट आणि मिसळ हाणून बोटीत बसायचं, हा पैसे पाण्यात घालायचा खात्रीचा मार्ग आहे. आदल्या दुपारी पोचा, रात्री हलकं जेवा, गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून निघण्याच्या आधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते.

सामानाचं. भाड्यात रॉड-रिळ धरलेलं असतं, पण ते बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला आवरणारा ब्रेक, गंजून एकतर घट्ट तरी नाहीतर ढिला तरी. सुरमईची पहिली धाव तिथंच तुटते. सुरमईचे दात ब्लेडसारखे, साधी नायलॉन दोरी ती एका फटक्यात कापते, म्हणून गरीच्या आधी पोलादी तार लागते. ती आहे का विचारा. आणि हरवलेलं लूर, तुटलेली रॉड कोणाच्या खात्यावर? चांगलं लूर हजार-दीड हजाराचं असतं. खडकावर दिवसात तीन-चार गेली तर भाड्यावर पाच हजार चढले आणि संध्याकाळी धक्क्यावर तोंडं कडू. उलट काही जण उत्साहात आधीच चाळीस-पन्नास हजारांचं सामान घेऊन बसतात. वर्षातनं एकदा जाणाऱ्यानं ते घेऊ नये. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. माझं दुकानच रॉड-रिळाचं आहे, तरी सांगतोय.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. बरीच वर्षं झाली. आम्ही पाच जण, भाव फार छान मिळाला होता, म्हणून एका मासेमारी बोटीनं गेलो. आठ मैलांवर इंजिननं धूर सोडला आणि बंद पडलं. दुसरं इंजिन नाही, वायरलेस नाही, मोबाईलला रेंज नाही. अर्ध्या तासानं लाट वाढली, तेव्हा मी लाईफ जॅकेट मागितली. ती होती, मासळीच्या क्रेटखाली, दोरीनं बांधून. एक ओढून काढलं आणि त्याची चेन लावायला गेलो, तर खाऱ्या पाण्यानं गंजून ती जागच्या जागी दगड झाली होती. दुसऱ्याचा पट्टा हातात आला. तीन तासांनी एक ट्रॉलर दिसला, त्यानं ओढून आणलं. त्याचा दिवस मोडला, डिझेल जळलं, त्यानं पैसे मागितले आणि ते रास्तच होते. ते कोणी द्यायचे यावर आमचं आणि बोटवाल्याचं संध्याकाळी आठपर्यंत चाललं. शेवटी अर्धेअर्धे. वाचवलेल्या भाड्याच्या दुप्पट गेले.

त्या दिवसानंतर मी भावात पुढच्या गोष्टी धरूनच बोलतो. बोटीला पर्यटक नेण्याची मेरीटाईम बोर्डाची परवानगी आहे का? मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. प्रवाशांचा विमा आहे का, सर्व्हे प्रमाणपत्राची तारीख काय, माणसं किती लिहिलीत. हे कागद फोटोत मागवता येतात. देणारा दोन मिनिटांत पाठवतो. दुसरं इंजिन, निदान छोटं तरी. व्हीएचएफ वायरलेस. प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट, धक्क्यावरच अंगात घालून, चेन लावून बघायचं. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा क्रमांक १५५४ आहे, तो फोनमध्ये ठेवा, पण रेंज किनाऱ्याजवळच असते हे विसरू नका. आणि बोट बंद पडली तर ओढून आणण्याचा खर्च बोटवाल्याचा, हे एक वाक्य व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. १२,००० आणि ३०,०००मधला बराचसा फरक या परिच्छेदात बसलेला असतो. स्वस्त बोटीत हे सगळं असेल तर ती जरूर घ्या, असतातही अशा. महागडीत नसेल तर तो भाव नुसत्या रंगाचा आणि गाण्याच्या स्पीकरचा आहे.

सगळ्यांनी आधारकार्ड न्या. २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झालीय. ओळखपत्र नसलेला एक जण मागं राहिला तरी त्याचा वाटा भाड्यातनं कमी होत नाही.

ॲडव्हान्सचं: तीस ते पन्नास टक्के मागतात, त्यात वावगं नाही. विचारायचं ते एवढंच, की हवामानामुळं रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख? आणि हवामान खराब आहे हे ठरवणार कोण? माझं उत्तर ठरलेलं आहे, तांडेल ठरवणार. तो "नको" म्हणाला की वाद नाही, पैसे परत किंवा तारीख बदलून. पण त्यानं "चला" म्हटल्यावर आपण घाबरून नाही गेलो तर ॲडव्हान्स त्याचा. हे दोन्ही बाजूंनी न्याय्य आहे. मध्येच वळावं लागलं तर काय, हेही विचारा. काही जण निम्म्या वेळेच्या आत वळल्यास निम्मं भाडं घेतात, काही पूर्ण. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज मिळतो. तीन दिवस आधीपासून बघत राहा, म्हणजे तांडेलाशी बोलताना तुम्हालाही दोन गोष्टी कळतात.

बोटीबाहेरचा खर्च तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मालवण आपल्याकडनं दीडशे किलोमीटरच्या आसपास, गाडीचं जाऊन-येऊन डिझेल, एक रात्र मुक्काम, दोन जेवणं. फक्त निघायच्या आधी करूळ घाट चालू आहे का ते विचारा, मध्ये रुंदीकरणासाठी तो बंद होता. नाहीतर भुईबावडा किंवा फोंडा. पहाटेची बोट घाटातल्या ट्रॅफिकसाठी थांबत नाही.

तांडेलाला आणि खलाशाला वर काही द्यायचं का? द्यावं. अमेरिकेत अशा बोटींवर भाड्याच्या पंधरा-वीस टक्के देण्याची पद्धतच आहे. आपल्याकडं तसा नियम नाही, पण मी खलाशाच्या हातात वेगळे देतो, कारण मालकाला दिलेले त्याच्यापर्यंत पोचतातच असं नाही. मासा मिळाला म्हणून द्यायचे आणि नाही मिळाला म्हणून नाही, असं करू नका. मासा लावणं त्याच्या हातात नाही. पहाटे तीनला उठून बर्फ भरणं त्याच्या हातात होतं, ते त्यानं केलं.

मिळालेला मासा कोणाचा, हे विचारायला लोक लाजतात. विचारा. बऱ्याच बोटींवर खाण्यापुरता तुमचा, जास्तीचा बोटीचा, असं चालतं. काही पूर्ण तुम्हाला देतात. दोन्ही ठीक, पण दहा किलोची सुरमई हातात आल्यावर हा विषय काढू नये. काही जीवांच्या बाबतीत विषयच नाही: समुद्री कासव, बहिरी म्हणजे व्हेल शार्क, करवती मासा, हे कायद्यानं संरक्षित आहेत. गरीला लागले तर दोरी कापून सोडायचे, फोटोसाठी बोटीत घ्यायचे नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. तिथं कुठं गळ टाकायचा नाही ते तांडेलाला विचारा आणि त्याचं ऐका.

आणि मासा लागेलच असं भाड्यात कुठंही लिहिलेलं नसतं. "सुरमई गॅरंटी" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. मी बारा मैलांवरनं रिकाम्या हातानं परतलोय आणि बंदरापासून दोन मैलांवर बांगड्याच्या थव्यावर तासाभरात बर्फाची पेटी भरलीय. सुरमई खायचीच असेल तर कोल्हापुरात सकाळच्या टेम्पोनं येते ती आणा, शंभर टक्के स्वस्त पडेल.

आता तुमच्या सहा जणांचं. समुद्रात याआधी कोणीही गेलेलं नाही, असं प्रश्नावरून दिसतंय. पहिल्याच खेपेला ३०,०००ची बोट घेऊन बारा मैल आत जाऊ नका. कोणाला लागतं, कोणाला नाही, हेच तुम्हाला अजून माहीत नाही. १२,०००वाल्याचे कागद मागवा. ते नीट असतील, जॅकेट-वायरलेस असेल, तर त्याला सांगा की आम्हाला लांब जायचं नाही, तीन-चार मैलांच्या आतल्या खडकांवर पहाटे साडेपाच ते साडेअकरा गरवायचंय, दोन तास ट्रोलिंग, बाकी तळाला. त्याची बोट याच कामाला बनलीय. त्याचे कागद नसतील तर तिसरा बघा, पण कागदाशिवाय त्याच्याकडं जाऊ नका. पुढच्या वर्षी तुमच्यातले जे चौघं उभे राहिले, त्यांनी ३०,०००ची घ्यावी.

निघायच्या आदल्या दुपारी, घाट उतरायच्या आधी, तांडेलाला स्वतः फोन करा. मालकाला नाही, तांडेलाला. "उद्या कसं?" एवढंच विचारा. तो वारा, पाणी, वेळ सांगायला लागला तर गाडी काढा. "या तर खरं, बघू सकाळी" म्हणाला तर गगनबावड्याला चहा घ्या आणि माघारी फिरा.